बीथोव्हेनचा बचाव केला म्हणून प्राध्यापकाला हाकललं?

एक मजकूर अजूनही फिरतो: 'अमेरिकेत एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाने बीथोव्हेनवर बंदी मागितली, आणि विरोध करणाऱ्या प्राध्यापकाला टेक्ससमधल्या विद्यापीठाने हाकललं.' प्रकरण खरं आहे, तपशील जवळजवळ सगळा चुकीचा.

बंदी कुणी मागितली नव्हती. त्या कृष्णवर्णीय प्राध्यापकाने, म्हणजे फिलिप युएल यांनी, बीथोव्हेनला 'सरासरीपेक्षा वरचा संगीतकार' म्हटलं, एवढंच. (लोक चिडणार हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.) नोव्हेंबर २०१९ मधल्या त्यांच्या गाजलेल्या भाषणाचा रोख मात्र हाइनरिख शेंकर या संगीत-सिद्धान्तकारावर होता. शेंकर वंशश्रेष्ठतेबद्दल उघड लिहायचा. काही स्वर मुख्य आणि बाकीचे त्यांच्या खालचे, ही त्याच्या सिद्धान्तातली उतरंड त्याच विचारातून आली, असं युएल यांचं म्हणणं. शिवाय त्यांनी मोजलं तेव्हा संगीत-सिद्धान्ताच्या ७ प्रचलित पाठ्यपुस्तकांतल्या २,९३० उदाहरणांपैकी फक्त ४९ गोरेतर संगीतकारांची निघाली. हा आकडा बंदीवाल्या मजकुरात कधीच नसतो.

'विरोध केला म्हणून नोकरी गेली.' विरोध करणारे ते प्राध्यापक, टिमथी जॅक्सन, यांची नोकरी गेली नाही. गेलं ते त्यांच्या हातातलं, त्याच विद्यापीठातून निघणारं शेंकर-अभ्यासाचं नियतकालिक. २०२० मध्ये त्याच्या अंकात युएल यांच्या भाषणावर अनेक लेख आले, काही बाजूनेही. जॅक्सन यांचा लेख मला कमकुवत वाटतो. शेंकर ज्यू होता, त्याची पत्नी नाझींच्या छावणीत मेली, एवढंच त्यांनी मांडलं असतं तर पुरेसं होतं. कृष्णवर्णीयांच्या घरांत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताला किंमत नाही, या धर्तीवर जायची काय गरज होती? त्यातून युएल यांना उत्तर द्यायला बोलावलं नाही आणि एक लेख निनावी छापला. संपादन म्हणून हे वाईटच.

पण 'मग विद्यापीठाने केलं ते योग्य', हा दुसऱ्या बाजूचा दावाही मला पटत नाही. वाईट लेखाला पुढच्या अंकात उत्तर देता येतं. इथे विद्यार्थ्यांनी निवेदन काढलं, चौकशी समिती बसली आणि जॅक्सन यांच्या हातून नियतकालिक काढून घेतलं गेलं. विद्यापीठ सरकारी, म्हणजे सरकारला बांधणारी अमेरिकी राज्यघटनेतली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची दुरुस्ती तिथेही लागू होते. जॅक्सन यांनी २०२१ मध्ये दावा लावला.

'न्यायालयाने त्यांना बरोबर ठरवलं' हेही खरं नाही. २०२२ मध्ये आणि अपिलात २०२३ मध्ये न्यायालयांनी दावा फेटाळायला नकार दिला, आणि २०२५ मध्ये तडजोड झाली. शेंकरबद्दल कोण बरोबर, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.