नाणं ठेवा, नोंद द्या

प्राचीन नाणी खासगी माणसांकडे असावीत की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, हा सगळ्यांचा ठेवा आहे, सरकारने ताब्यात घेऊन वस्तुसंग्रहालयात ठेवावा. दुसरी विचारते, कोठारात पडलेली नाणी बघतो कोण? आम्ही ती पोटच्या पोरासारखी जपतो. मी इंग्लंडमध्ये राहतो, क्षत्रप-सातवाहनांची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर राज्य केलेल्या दोन घराण्यांची नाणी जमवतो, आणि इथून ऐकताना वाटतं की मूळ मुद्दा दोघांच्याही हातून निसटतोय. नाणं कोणाच्या कपाटात आहे, हा प्रश्न नंतरचा. ते कुठे सापडलं, कशासोबत सापडलं, हे कोणी लिहून ठेवलंय का?

जोगलटेंभीचंच घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी, म्हणजे पुरून ठेवलेला साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला छाप मारलेला. क्षहरातांचा वंश त्याने निखालस बुडवला, असं नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतोच. पण लेख राजाच्याच घरच्यांनी कोरवलेला. या नाण्यांनी त्याला साक्ष दिली. सगळी नाणी एकत्र तपासली गेली आणि रेव्हरंड स्कॉट यांनी 1908 मध्ये त्यांचा अभ्यास छापला, म्हणून हे प्रमाण आज आपल्याला माहीत आहे. हीच नाणी मूठमूठभर सराफाकडे जाऊन आटली असती, तर जिंकलेल्या राजाने हरलेल्याचा पैसा केवढ्या प्रमाणावर आपल्या नावावर करून घेतला, हे कधी कळलंच नसतं.

असं एक नाणं माझ्याकडे आहे, इथल्या एका जुन्या संग्रहातून आलेलं. वजन जेमतेम दोन ग्रॅम. भिंगाखाली नहपानाचा गाल आणि नाकाचं टोक दिसतं, आणि त्यांना चिरडून बसलेला तीन कमानींचा डोंगर, हा गौतमीपुत्राचा छाप. मागे बाण आणि वज्र, त्यांच्यावर उज्जयिनी चिन्हाचे, म्हणजे अधिकच्या खुणेच्या टोकांना असलेले गोल. कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे उरलेत. हे नाणं द्यायचं म्हटलं की माझा हात आखडतो. यात पैशाचा भाग थोडा. बघून बघून त्याचा प्रत्येक ओरखडा पाठ झालाय, आणि पुढचा माणूस ते इतकं निरखून बघेल का, ही धास्ती खरी. म्हणून संग्राहकांच्या या जिवापाड धरून ठेवण्याला मी लोभ म्हणणार नाही. पण सोबतच्या पिवळ्या पाकिटावर फक्त राजाचं नाव आणि वजन आहे, गावाचं नाव नाही. ते जोगलटेंभीचं की आणखी कुठलं, आता कोणीच सांगू शकणार नाही. ही उणीव मला फार सलते.

इंग्लंड-वेल्समध्ये 1996चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे. तीनशे वर्षांहून जुनी, सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली, तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाला ती हवी असतील तर बाजारभावाने मोल ठरतं, आणि ते सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. सुटं नाणं सापडलं तर लोक आपणहून नोंद अधिकाऱ्याला दाखवतात. तो फोटो काढतो, वजन करतो, जागा टिपून घेतो आणि नाणं परत देतो. नेमकी जागा तो जाहीर करत नाही.

आपल्याकडे अजून 1878चा निखात निधी कायदा चालतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवायचं. सरकारने तो घ्यायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. नहपानाच्या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीवर मोजणारा कायदा शेतकऱ्याला गप्प बसायलाच शिकवणार. नांगराला गाडगं लागलं की त्याला आधी पोलीस आठवतात.

इंग्लंडमध्येही सगळे सरळ वागतात असं नाही. 2015 मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला निधी सापडला. अंदाजे तीनशे नाणी होती. त्यांनी ती लपवून परस्पर विकली आणि तुरुंगात गेले. जी थोडी हाती लागली, त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ या तेव्हाच्या इंग्लंडातल्या शेजारी राज्यांच्या दोघा राजांचा एकाच नमुन्याचा छाप आहे, म्हणजे दोन राजांच्या मैत्रीचा पुरावा. बरीचशी नाणी मात्र अजून मिळालेली नाहीत.

‘इंग्लंडातली आपली नाणी परत आणा’ ही मागणीही मी ऐकतो. चोरून नेलेलं परत यायलाच हवं. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेऊ न देणारा 1972चा पुरावशेष कायदाही योग्यच आहे. पण देशातच दर पावसाळ्यानंतर पैठण-नेवाशाच्या नदीकाठी सापडणाऱ्या सातवाहन नाण्यांची नोंद कोण करतंय? प्रत्येक जिल्ह्यात नाणी ओळखणारा एक माणूस नेमावा. त्याच्याकडे गेल्यावर जप्ती होणार नाही, अशी लेखी हमी असावी आणि निधीला बाजारभाव मिळावा. आणि ज्यांचे संग्रह आधीच भरलेले आहेत, त्यांनी गावाची नावं आठवतात तोवर पाकिटांवर लिहून काढावीत. सुरुवात नाशिक जिल्ह्यापासून करता येईल. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहेच.