घोट घोट पी, ढोसू नकोस!

बॉक्सिंग खेळते म्हटलं की लोक आधी माझ्या नाकाकडे बघतात आणि मग विचारतात, "लागत नाही का गं?" लागतं की, न लागायला काय झालं. पण खरा छळ कुठला ते कुणी विचारतच नाही, म्हणून आज मीच सांगते. खरा छळ म्हणजे मॅचआधी काट्यावर वजन झाल्यानंतरचे ते तीन-चार तास. वजन उतरवण्याच्या गोष्टी सगळे रंगवून सांगतात, प्लास्टिकचा सूट घालून दोरीउड्या मारल्या, च्युइंगम चघळत बाटलीत थुंकत बसलो, आंघोळीचं पाणी तोंडात गेलं तरी गिळलं नाही वगैरे, कारण त्यात शौर्य आहे. नंतर पाणी कसं प्यायलो यात कसलं आलंय शौर्य? पण मला विचाराल तर उपाशी राहणं परवडलं, काही नसतंच समोर. सगळं समोर आहे, परवानगीपण आहे, आणि तरी मोजून प्यायचं, ही खरी शिक्षा.

मी 57 किलोच्या वजनगटात खेळते आणि एरवी 59 च्या आसपास असते. हे मधले दोन किलो शेवटी शेवटी बहुतेक पाणीच असतं. आता हौशी बॉक्सिंगमध्ये वजन मॅचच्या दिवशी सकाळीच होतं, आणि वजनं संपल्यावर पहिली बाउट सुरू व्हायला निदान तीन तास जावेत असा नियम आहे. तीन तास ऐकायला खूप वाटतात. पण त्यात मेडिकल, हाताला पट्ट्या, वॉर्मअप, नंबर कधी लागणार म्हणून दर पाच मिनिटांनी जाऊन तो कागद बघणं, हे सगळं आलं, त्यामुळे शरीरात परत पाणी भरायला जो वेळ उरतो त्यात एखादी मुलगी नीट केससुद्धा विंचरू शकणार नाही.

आदल्या रात्रीचं थोडं सांगते. घसा कोरडा, झोप नाही, आणि रूममधल्या आम्ही तिघी अंधारात मोबाईलवर खाण्याचे व्हिडिओ बघतोय. हे सगळ्या वजन उतरवणाऱ्यांना होतं, लाज वाटून घेऊ नये. कुणीतरी पिझ्झ्याचा तुकडा उचलतंय, चीज ताणलं जातंय, ताणलं जातंय, तुटतच नाहीये, आणि आम्ही श्वास रोखून बसलोय. शेवटी तुटलं तेव्हा एकजण चक्क "हाय" म्हणाली. उद्या वजन झालं की काय काय खायचं याची यादी प्रत्येकीच्या फोनमध्ये असते, माझ्या यादीत तर आइस्क्रीम दोनदा होतं, एकदा सुरुवातीला आणि एकदा मध्येच, झोपेत लिहिल्यासारखं.

सकाळी काट्यावर 56.9. बाई म्हणाल्या ओके, नेक्स्ट. मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटलेली, नुसता टक् असा आवाज आला. त्यांना सवय असावी, त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. दाराबाहेर आमचे कोच, म्हणजे सर, उभे, हातात लिटरची बाटली, तिच्यावर मार्करनं आडव्या रेघा मारलेल्या आणि प्रत्येक रेघेपुढे वेळ लिहिलेली. मी बाटली ओढली तर त्यांनी सोडलीच नाही, दोघांचाही हात बाटलीवर.

"घोट घोट पी."

"सर, एकदाच मोठा घोट..."

"पहिल्या रेघेपर्यंत. मग पुढचं वीस मिनिटांनी. ढोसलंस तर ओकशील, आणि ओकलीस तर मी पुसणार नाही."

बाटलीत पाणी असतं असं तुम्हाला वाटेल. नसतं. असतं ते ओआरएस. एरवी हे मी जुलाब झाले तरी नाक दाबून पिते, पण त्या सकाळी त्याच्या चवीपुढे जगातलं कुठलंही सरबत झक मारतं. आणि हे नुसतंच औषध म्हणून देत नाहीत, त्यामागे डोकं आहे. नुसतं पाणी भडाभडा प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, किडनीला वाटतं अरे पाणी जास्त झालं, आणि ती बिनडोकपणे बाहेर काढायला लागते, म्हणजे आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते वीस मिनिटांत फ्लश. फारच ढोसलं तर मीठ इतकं खाली जातं की प्रकरण जिवावर बेततं. पण मीठ आणि ग्लुकोज जोडीनं गेले तर आतड्याची भिंत त्यांना एकदम आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जातं. ही जोडीची भानगड रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञानं 1960 साली मांडली. पुढे त्यावरच ओआरएस उभं राहिलं आणि कॉलरात कोण जाणे किती लोक वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आताच्या फॉर्म्युल्यात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. मला पाठ आहे कारण पुढच्या रेघेची वाट बघत असताना वाचायला दुसरं काही नव्हतं, पाकिटाची मागची बाजूच होती.

मग हिशोब. दोन किलो गेले म्हणजे दोन लिटर प्यायचे, सोपं, असं मला वाटलेलं. तर नाही. प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जाणारच, म्हणून गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट भरावं लागतं, म्हणजे माझे तीन लिटर झाले. आणि पोट बेटं तासाला फार फार तर लिटरभर पाणी पुढे ढकलतं. आता बसा गणित घालत. तीन लिटर, तीन तास, मध्ये खायचंपण आहे, आणि शेवटच्या तासात पोट हलकं हवं कारण समोरची मुलगी तिथंच मारणार आहे. शाळेत हौद भरायची गणितं यायची ना, एका नळानं इतक्या वेळात भरतो, दुसऱ्यानं इतक्या वेळात रिकामा होतो, ती मला कधी सुटली नाहीत, आणि आता तो हौद मीच.

खाण्याचं ऐका. ती फोनमधली यादी सरांनी वाचली आणि हसून परत दिली. आइस्क्रीम नाही, कारण फॅट पोटात रेंगाळतं. सॅलड नाही, फायबरपण रेंगाळतं. चीज, तळलेलं, मोठा मांसाचा तुकडा, सगळ्याला नाही. मग राहिलं काय? पांढरा मऊ भात, वर मीठ. ब्रेडला मध. केळं. उकडलेला बटाटा. थोडक्यात, आजारी माणसाला जे देतात ते, आणि तेही बशीभर. पण पहिला घास तोंडात गेला आणि शप्पथ सांगते डोळ्यात पाणी आलं (सर म्हणाले रडू नकोस, पाणी वाया जातंय). भाताचा एकेक दाणा जिभेला वेगळा कळत होता. कार्ब्समध्ये अजून एक गंमत आहे, शरीर ही साखर साठवून ठेवतं तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं, म्हणूनच भात-ब्रेड बंद केलं की वजन झरझर उतरतं आणि लोकांना वाटतं आपण बारीक झालो. कसलं बारीक, पाणी गेलं फक्त, आता तेच परत येतंय.

आणि एवढी भूक असूनसुद्धा पाचव्या-सहाव्या घासाला पोट भरलं! आठवडाभर चिमूटभर खाऊन पोटाची सवयच गेलेली. मी बशीकडे बघतेय, बशी माझ्याकडे बघतेय, मन म्हणतंय खा, पोट म्हणतंय एक घास जास्त झाला तर बघच. असा अपमान मी रिंगमध्येही कधी सहन केलेला नाही.

त्यात एक सिनियर ताई आली, हिला सगळं माहीत असतं. म्हणाली, "कशाला घोट घोट करत बसलीस, सलाईन लावून घे ना, अर्ध्या तासात टवटवीत." सरांनी तिच्याकडे असं बघितलं की ती आल्या पावली गेली. दवाखान्यात खरोखरच्या उपचारासाठी लावलं तर गोष्ट वेगळी, पण एरवी उत्तेजकविरोधी नियमात बारा तासांत 100 मिलीच्या वर शिरेतून काही घ्यायला बंदी आहे. 100 मिली म्हणजे अर्धा पेला. तेवढ्यात तर माझी जीभपण सुटली नसती.

प्रोफेशनल लोकांची मात्र चैन असते, त्यांचं वजन आदल्या दिवशी होतं, रात्रभर खा, प्या, झोपा. आर्तुरो गाटी आणि जोई गमाश यांची 26 फेब्रुवारी 2000 ची फाइट त्यासाठीच आठवतात लोक. मर्यादा 141 पाउंडांची, आणि फाइटच्या रात्री गाटी टीव्हीवाल्यांच्या काट्यावर 160 भरला. एका रात्रीत 19 पाउंड, म्हणजे साडेआठ किलोच्या वर! गमाश दुसऱ्या राउंडला पडला, डोक्याला इजा झाली, पुन्हा कधीच खेळला नाही. प्रोफेशनल बॉक्सिंगच्या आयबीएफ नावाच्या संघटनेनं तर टायटल फाइटला दुसऱ्या दिवशी सकाळी परत काटा लावायचा आणि मर्यादेच्या 10 पाउंडांहून वर गेलेलं चालवून घ्यायचं नाही, असा नियमच केला होता. हे वाचल्यापासून मला रेघांच्या बाटलीबद्दल थोडा आदर वाटायला लागलाय. थोडाच.

तर दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये माझी प्रतिस्पर्धीही भेटली. कोपऱ्यातल्या टेबलावर, तिच्यासमोर तसलंच केळं, तसलीच बाटली, फक्त तिच्या बाटलीवर रेघा निळ्या. दोघींनी एकमेकींकडे खुनशी बघायची पद्धत असते, ती आम्ही पाळली, पण मधूनमधून दोघींचीही नजर हॉलच्या दुसऱ्या टोकाला जात होती, तिथं आयोजकांनी पाहुण्यांसाठी चॉकलेट केक ठेवला होता.

बाउटबद्दल जास्त सांगत नाही, बाउट सोपी असते. पहिल्या राउंडला पोटात ओआरएस डुचमळत होतं, स्वतःलाच ऐकू येत होतं, आणि दुसऱ्याला तिनं बरगडीखाली एक ठेवून दिली तर माझ्या तोंडून केळ्याचा ढेकर आला, इतका स्पष्ट की तिनं क्षणभर मारायचं थांबवलं. मी थांबले नाही. पॉइंट्सवर जिंकले.

आणि इथंच खरी मेख आहे. आमच्यासारख्या छोट्या स्पर्धेत जिंकलं की दुसऱ्या दिवशी परत बाउट, म्हणजे सकाळी परत काटा, आणि परत तेच 57. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीत विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, पहिल्या दिवशी वजन दिलं, तीन कुस्त्या मारल्या, आणि फायनलच्या सकाळी 50 किलोत 100 ग्रॅम जास्त भरले. 100 ग्रॅम! तिघींच्या रूममध्ये तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. म्हणजे माझे भरलेले लिटर, खाल्लेला भात, ते केळं, सगळं रात्रीत परत द्यायचं होतं. ग्लोव्ह्ज काढता काढताच सरांनी अभिनंदन केलं आणि बाटली काढून घेतली.

हरलेल्या मुलीला मात्र उद्याचा काटा नव्हता. मी बाहेर आले तर ती केकच्या टेबलाशी उभी, डोळा सुजलेला, गालाला चॉकलेट, दोन्ही हातांनी चालू होतं. माझ्याकडे बघून हसली, मनापासून, आणि प्लेट पुढे केली, "घे ना गं." मी सरांकडे बघितलं. सरांनी पुढे होऊन सगळ्यात मोठा तुकडा उचलला, तोंडात टाकला, आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "वास घे हवा तर. वास काट्यावर येत नाही."