‘टेस्टिंग केलं की झालं’ म्हणे!

भाची इथेच नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिने ग्रुपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला आणि विचारलं, "मामा, मग हा विषय सोडू का?" मेसेजचा सूर असा: फॉर्मल मेथड्स, म्हणजे सॉफ्टवेअर गणिताने तपासणं, रॉकेटवाल्यांपुरतं ठीक, शिकायला पीएचडी लागते, परवडत तर नाहीच, आणि नीट टेस्टिंग केलं की बग उरत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यानेच पोरांचं जास्त नुकसान होतं. नाशिक–पुणे बसची एकच सीट उरली आहे आणि दोघेजण मोबाइलवर बुकिंग करताहेत. पहिल्याचा प्रोग्रॅम बघतो, सीट आहे. त्याने नोंद करायच्या आत दुसऱ्याचाही बघतो, सीट आहे. दोघांनाही तिकीट! टेस्टमध्ये हे सहसा दिसत नाही, कारण तिथे एक बुकिंग संपल्यावर दुसरं सुरू होतं. दोन प्रोसेस, प्रत्येकी 10 पायऱ्या, एवढ्यातच 1,84,756 वेगवेगळे क्रम होतात. इतक्या टेस्ट कोण लिहिणार? फॉर्मल मेथड्समधलं मॉडेल चेकर नावाचं साधन हे सगळे क्रम स्वतः धुंडाळतं आणि कुठल्या पायरीवर घोळ झाला ते दाखवतं.

अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअरांचा 2015 चा ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या मासिकातला लेख वाचा. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमध्ये डेटा गहाळ होऊ शकेल असा बग टीएलए प्लसने, म्हणजे डिझाइन गणिताच्या भाषेत लिहून मॉडेल चेकरने तपासायच्या पद्धतीने, पकडला. तिथवर पोचायचा सगळ्यात जवळचा रस्ताच 35 पायऱ्यांचा! डिझाइन रिव्ह्यू, कोड रिव्ह्यू, टेस्टिंग, सगळ्यांच्या हातून तो निसटला होता. पीएचडीचं उत्तरही त्याच लेखात आहे: तिथले नवे-जुने इंजिनिअर दोन-तीन आठवड्यांत हे शिकून कामाला लागले.

रॉकेटचं म्हणाल, तर पॅरिसची 14 नंबरची मेट्रो 1998 पासून ड्रायव्हरविना धावते. तिचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी मेथड या आणखी एका फॉर्मल मेथडने सिद्ध केलेलं आहे.

खर्चाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. एसईएलफोर या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सुमारे 8,700 ओळी सिद्ध करायला 20 मनुष्यवर्षांच्या आसपास श्रम लागले. किराणा दुकानाच्या बिलिंगसाठी असलं काही करू नये. शिवाय टीएलए प्लस डिझाइन तपासतं, कोड नाही, टेस्टिंग लागणारच. पण सगळंच सिद्ध करा असं म्हणतंय कोण? जिथे एकाच आकड्यावर अनेकांचे हात पडतात, तेवढा भाग तपासा.

भाचीला म्हटलं, विषय ठेव. टीएलए प्लस फुकट मिळतं, सीटचं उदाहरण आधी त्यात लिहून बघ.