सोळा कुठं गेलं?

मार्च एंडिंग उरकल्याशिवाय सर्व्हरला बोट लावायचं नाही, अशी मुनीमजींची ताकीद होती. त्यामुळे त्याची ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन १२ वरून १३ वर, म्हणजे बुकवर्मवरून ट्रिक्सीवर न्यायचा मुहूर्त एप्रिलात निघाला. नागपुरात हा कूलरची खस बदलायचा महिना. इतवारीतल्या त्या ठोक दुकानात सर्व्हर तूरडाळीच्या कट्ट्यांच्या थप्पीला टेकून उभा असतो आणि झाकण काढलं की आतून पिवळी भुकटी निघते. बिलं, उधारी, साठा, सगळं त्याच्या पोटात, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये.

डेबियन १२ सोबत पोस्टग्रेसची १५ वी आवृत्ती येते, १३ सोबत १७ वी. हे मी बोलता बोलता सांगून गेलो.

"अन् सोळा?" मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"सोळा मध्येच राहिलं."

"राहिलं म्हणजे कोठं? पंधरा नंबरचं बिल हाये, सतरा नंबरचं हाये अन् सोळा गायब. ऑडिटर काय म्हणन?"

आता यांना काय सांगायचं? पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी निघते, डेबियन साधारण दोन वर्षांनी. त्यामुळे २०१९ मध्ये ११, २०२१ मध्ये १३, २०२३ मध्ये १५ आणि २०२५ मध्ये १७, असे विषम आकडेच डेबियनच्या वाट्याला आले. डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्त्या सम वर्षी निघतात, म्हणून १२, १४ आणि १६ त्यांच्याकडे. "म्हणजे सोळा उबुंटूवाल्यांनी नेलं," मुनीमजींनी निष्कर्ष काढला. मी वाद घातला नाही. पोस्टग्रेसवाल्यांच्या स्वतःच्या भांडारातून १६ आजही घेता येतं, हे तर मी बोललोच नाही. बोललो असतो तर रात्र तिथंच गेली असती.

"पंधरा खराब झालं काय?"

खराब कशानं होणार! नोव्हेंबर २०२७ पर्यंत त्याच्या दुरुस्त्या निघणार आहेत. पण डेबियन १३ च्या भांडारात फक्त १७ आहे. १५ मध्ये उद्या भोक सापडलं तर बुजवणारं पॅकेज तिथून येणार नाही. डीफॉल्ट हा असा प्रकार असतो. सक्ती कोणी करत नाही, फक्त दुसरं काही ठेवत नाहीत.

शटर अर्धं पाडून कामाला बसलो. डेबियन बिनबोभाट चढलं. पण जुना डेटा नवीन आवृत्तीला जसाच्या तसा वाचता येत नाही, तो वेगळा हलवावा लागतो. यादी मागवली तर दोन क्लस्टर, म्हणजे डेटाची दोन वेगळी घरं, दोन्ही हिरव्या रंगात ऑनलाइन: १५ आपल्या नेहमीच्या ५४३२ पोर्टवर, म्हणजे दारावर, आणि १७ शेजारी ५४३३ वर. दोघांचंही नाव मेन. १५ मध्ये शिरलो तर इशारा आला, कोलेशनची, म्हणजे अक्षरं लावायच्या क्रमाची, आवृत्ती जुळत नाही. डेटाबेस बनला तेव्हा सिस्टीमची जीलिबसी ही लायब्ररी २.३६ होती, आता २.४१ आहे. अक्षरांचा क्रम ती लायब्ररी ठरवते. क्रम हलला तर जुन्या इंडेक्समधून एखादं खातं सापडायचं नाही.

"उधारीवाला यादीत सापडत नाही, असं होऊ शकतं," मी म्हटलं.

"थो तं तसाबी सापडत नाही."

म्हणून डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची उतरवून घेतलेली प्रत, काढून नव्यात भरायची पद्धत धरली. त्यात इंडेक्स नव्यानं बांधले जातात. क्लस्टर नव्या आवृत्तीत नेणारं पीजी_अपग्रेडक्लस्टर चालवलं, तर ते म्हणालं, १७ मेन आधीपासूनच आहे. नवीन पॅकेजनं कौतुकानं बनवलेलं ते रिकामं १७ आधी उडवायचं, मग १५ तिथं न्यायचं. ज्या शहाण्यानं दोघांना एकच नाव ठेवलं, त्याला एकदा मध्यरात्री मुनीमजींच्या शेजारी बसवायला हवं.

टाइप केलं: पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १७ मेन. खुर्चीमागून आवाज आला, "ड्रॉप म्हणजे उडवणं ना?"

"रिकामं आहे ते."

"आकडा वाच."

"सतरा."

"असा नाही. सुटा सुटा वाच."

"एक. सात."

मुनीमजी वाकले आणि नोटा मोजतात तसं बोट स्क्रीनवर टेकवून त्यांनी स्वतः दोनदा वाचलं. हा हुकूम 'नक्की ना?' असं विचारत नाही. एंटर दाबलं की उडालं. दाबलं. स्क्रीनवर एक अक्षर उमटलं नाही, आणि मुनीमजींना ते अजिबात आवडलं नाही. एवढी मोठी वस्तू जाते आणि पावती नाही?

नंतरचं सरळ झालं. डम्प, भरणा, पोर्टची अदलाबदल: १७ आलं ५४३२ वर, १५ गेलं ५४३३ वर, बंद अवस्थेत. मुनीमजींनी एकतीस मार्चची शिल्लक पैशापर्यंत ताडून पाहिली. जुळली. स्क्रीनवर सूचना होती, सगळं नीट चालत असेल तर जुना क्लस्टर काढून टाका.

"हात लावायचा नाही," मुनीमजी म्हणाले. "जीएसटीचे बहात्तर महिने होऊ दे."

डेटा सगळा १७ मध्ये आला आहे, डिस्क भरत चालली आहे, हे मी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

"अन् येत्या खेपी अठरा ना?"

"अठरा निघालंसुद्धा, २०२५ च्या सप्टेंबरात. पण डेबियनची पुढची आवृत्ती येईपर्यंत..."

मुनीमजींनी वही मिटली. "म्हणजे थेबी खाणार तुमी."