आधीच उल्हास, त्यात मार्च मास

साताऱ्याला आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींच्या दांड्या, सगळं आई त्याच्यावर लिहिते. गेली दहाएक वर्षं मार्चच्या पानावर, संकष्टी आणि एकादशीच्या मधे कुठेतरी, तिच्या ठसठशीत अक्षरात आणखी एक शब्द असतो: ‘पर्ड्यू’. आईने बास्केटबॉल आयुष्यात हातात धरलेला नाही. पण त्या दिवशी मुलाला फोन करायचा तर आधी सुनेला करून हवापाणी विचारून घ्यायचं, एवढं तिला कळतं.

मी ऑगस्ट २०१४ मध्ये एमएस करायला पर्ड्यूला आलो. इंडियाना राज्य, वेस्ट लाफायेट गाव, चारी दिशांना मका. विद्यापीठाची कीर्ती इंजिनिअरिंगची आणि अंतराळवीरांची. चंद्रावर पहिलं पाऊल टाकणारा नील आर्मस्ट्राँग आमचा, आणि आजवरचं तिथलं शेवटचं पाऊल ज्याचं, तो जीन सर्ननही आमचाच. म्हणजे चंद्रावर जाऊन यायचं तंत्र आम्हाला जमलेलं आहे. जमत नाही ते एवढंच, की मार्चमध्ये लागोपाठ सहा मॅच जिंकायच्या.

हे सहाचं गणित सांगायला हवं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा मार्चमध्ये सुरू होते. ६८ टीम, लागोपाठ सहा मॅच जिंकलात की विजेतेपद, आणि एक मॅच हरलात की सामान आवरून घरी. दुसरी संधी नाही, रनरेट नाही, ‘पाकिस्तान हरला तर आपण आत’ हा हिशोबसुद्धा नाही. चार गट, प्रत्येकात एक ते सोळा मानांकनं, आणि पहिल्या फेरीत पहिल्या नंबरवाल्याची गाठ सोळाव्याशी. हे मानांकन ध्यानात ठेवा, पुढे ते आम्हाला डसणार आहे. या सगळ्याला इथे ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात. आपल्याकडे याच सुमारास शिमगा असतो. फरक इतकाच की आपण बोंब मारून मोकळे होतो.

आमच्या टीमचं नाव बॉयलरमेकर्स. १८९१ मध्ये शेजारच्या वॉबॅश कॉलेजला फुटबॉलमध्ये तुडवलं, तेव्हा तिकडच्या पेपरने आमच्या पोरांना बॉयलर ठोकणारे धटिंगण अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. आम्ही ती शिवी उचलून बिरुद म्हणून मिरवायला लागलो. नोव्हेंबर ते मार्चचा पहिला आठवडा आम्ही वाघ असतो. आमच्या बिग टेन लीगमध्ये नियमित मोसमाची सर्वाधिक विजेतेपदं पर्ड्यूच्या नावावर आहेत. मॅकी अरेनात चौदा हजार लोक ओरडतात तेव्हा समोरच्या टीमला स्वतःच्या कोचचा आवाज ऐकू येत नाही. वर्गात एक मुलगा असतो ना, युनिट टेस्टला पहिला, सहामाहीला पहिला, आणि बोर्डाच्या पेपरला त्याच्याच पेनातली शाई संपते? ते आम्ही.

पहिल्या मार्चला, २०१५ मध्ये, सिनसिनाटीविरुद्ध शेवटच्या मिनिटात आघाडी आमची होती. त्यांच्या पोराने अखेरच्या क्षणी टाकलेला चेंडू रिंगवर रेंगाळला, जरा विचार केला आणि आत पडला. ओव्हरटाइममध्ये ६६-६५ ने गेलो. पुढच्या मार्चला लिटल रॉकविरुद्ध शेवटची चार मिनिटं उरली असताना दहाच्या वर आघाडी होती. मी पुलाव गरम करायला उठलो. परत आलो तर बरोबरी. दोन ओव्हरटाइम झाले, ८५-८३. पुलाव तसाच फेकला.

मला वाटलं, पनवती मीच. विमानतळावर डावं पाऊल आधी टाकलं असणार.

या गैरसमजातून मला काकांनी बाहेर काढलं. काका मूळचे नागपूरचे, १९७९ साली पर्ड्यूला आलेले. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीत तिळगूळ देता देता म्हणाले, “अरे बाबू, तू कुठला पनवती? हे तुझ्या जन्माच्या आधीपासून सुरू आहे.” मग त्यांनी मला आमचा पुराणकाळ ऐकवला. जॉन वुडन नावाचा पर्ड्यूचाच खेळाडू, मोठा नावाजलेला. तो कोच झाला तो यूसीएलए या परक्या विद्यापीठाचा, आणि तिथे त्याने दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यातलं १९६९ चं आम्हालाच फायनलमध्ये ९२-७२ असं धुऊन. त्या दिवशी त्यांच्या उंच सेंटरने ३७ गुण केले. तोच पुढे करीम अब्दुल जब्बार म्हणून गाजला. घरात वाढलेल्या पोराने शेजाऱ्याची विहीर खणून द्यावी आणि आपल्याला पाणी विकत द्यावं, तसं झालं. मार्चमध्ये ही फायनल हरलो आणि जुलैत आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. काकांच्या मते विद्यापीठाने त्या वर्षी नशीब चुकीच्या खात्यात जमा केलं.

काका आल्याच्या पुढच्याच मार्चला, १९८० मध्ये, टीम फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारात गेली आणि परत यूसीएलएकडूनच हरली. काकांना वाटलं, चला, हे दर दोन-चार वर्षांनी होत असणार. मग काकांचं लग्न झालं, मुलं झाली, गुडघा बदलून झाला. फायनल फोर काही परत आली नाही.

माझं काम इंडियानापोलिसच्या एका कारखान्यात बिघाडाचं मूळ शोधायचं. पार्ट तुटला की का तुटला, कुठून चीर सुरू झाली, ते लिहून द्यायचं. या धंद्यात एक दिलासा असतो: तोच बिघाड पुन्हापुन्हा होतो. आमच्या टीमचं तसं नाही. हा बॉयलर दर वर्षी नव्या ठिकाणी फुटतो. २०१८ घ्या. पहिल्याच मॅचमध्ये सात फूट दोन इंची आयझॅक हासचं कोपर मोडलं. दुसऱ्या कुठल्या कॉलेजने देवाचा धावा केला असता. आमच्या मेकॅनिकलच्या पोरांनी नियमात बसेल असा कोपराचा ब्रेस बनवायला घेतला! स्पर्धा चालू, आणि इकडे डिझाइन रिव्ह्यू. मला तर अभिमानाने भरून आलं. हास त्यानंतर एकही मॅच खेळला नाही आणि आम्ही टेक्सास टेककडून हरलो, पण प्रोजेक्ट म्हणून बघाल तर झकास.

आणि मग २०१९. ३० मार्च, शनिवार रात्र, समोर व्हर्जिनिया. जिंकलो की फायनल फोर. कार्सन एडवर्ड्सने त्या रात्री ४२ गुण केले, त्यात दहा वेळा तीन-तीन. आईने पाठवलेले कंदी पेढे मी फ्रीजरमध्ये ‘फायनल फोरसाठी’ म्हणून राखून ठेवले होते. सहा सेकंदही उरली नव्हती, आघाडी आमची, व्हर्जिनियाच्या पोराचा दुसरा फ्री थ्रो चुकला, आणि मी डब्याचं झाकण उघडलं. चुकलेला चेंडू कुणाच्या तरी बोटाला लागून उलट दिशेने, पार मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात गेला. त्यांचा सगळ्यात बुटका पोरगा, किही क्लार्क, त्याच्यामागे धावला. वेळ संपत आलेली, माणूस अशा वेळी घाबरून जमेल तिथून फेकतो. याने मान वर केली आणि लांबलचक पास दिला. डियाकीटेच्या हातात चेंडू आला, हातातून सुटला, भोंगा वाजला, चेंडू आत. ७०-७०. माझ्या एका हातात झाकण, दुसऱ्या हातात पेढा, तोंड उघडं. हातातोंडाशी आलेला घास ही नुसती म्हण नाही, त्याला पोझ असते. ओव्हरटाइममध्ये ८०-७५ ने गेलो. पेढा मी गुपचूप डब्यात ठेवला.

बायकोने डबा परत फ्रीजरमध्ये टाकला. ती ब्लूमिंग्टनची, म्हणजे आमच्या सख्ख्या वैऱ्यांच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकलेली. त्यांच्याकडे पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, आमच्याकडे या स्पर्धेचं एकही नाही. ती कधी टोमणा मारत नाही. भांडण अंगाशी यायला लागलं की पंजा दाखवते. मुलीला वाटतं आई ‘थांब’ म्हणतेय.

२०२१ मध्ये करोनामुळे अख्खी स्पर्धाच इंडियाना राज्यात भरवली होती. घरच्या अंगणात तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्सासने हरवलं. २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाचं सेंट पीटर्स आलं, न्यू जर्सीतलं एक छोटंसं कॉलेज, ६७-६४. तेरा, पंधरा... अंकगणिती श्रेढी शिकलेल्या कुणालाही पुढचा आकडा दिसला असता. सतरा. पण मानांकनं सोळालाच संपतात.

२०२३ ला आम्ही पहिलं मानांकन घेऊन गेलो. आमचा झॅक ईडी सात फूट चार इंच. आमच्या घराच्या दाराची चौकट सहा फूट आठ, म्हणजे तो कधी हळदीकुंकवाला आला तर वाकूनच यावं लागेल. समोर फेअरली डिकिन्सन, मानांकन सोळावं. देशातल्या पहिल्या श्रेणीच्या ३६३ टीममध्ये उंचीने सगळ्यात कमी. आदल्या मोसमात एकूण चार मॅच जिंकलेली. स्वतःच्या लीगची फायनलसुद्धा हरलेली. हरवणारी टीम वरच्या श्रेणीत नवीन असल्यामुळे नियमाने अपात्र होती, म्हणून ही आली. त्यांच्या कोचने तर दोन दिवस आधी कॅमेऱ्यासमोर सांगूनही टाकलं होतं की पर्ड्यूला बघावं तितकं वाटतं, यांना हरवता येईल. आम्ही हसलो होतो.

ईडीला पास पोचू द्यायचाच नाही, असं त्यांनी ठरवलेलं. एक पुढे, एक मागे, आणि पाच फूट आठ-नऊ इंचांची पोरं मधमाश्यांसारखी आमच्या चेंडू खेळवणाऱ्या पोरांभोवती. लग्नात स्टेजवरच्या नवरदेवापर्यंत आहेर पोचत नाही ना, गर्दी मधेच अडवते, तसा तो सात फुटी गडी हात वर करून उभा. बाहेरून तीन गुणांचे २६ शॉट मारले, पाच गेले. ६३-५८. पहिल्या मानांकनाने सोळाव्याकडून हरायची इतिहासातली दुसरी वेळ. पहिली व्हर्जिनियाची, २०१८ मध्ये, आणि त्यांनी पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवून तो डाग धुतला. ज्या पाण्याने धुतला ते आमच्या डोळ्यांतलं होतं, हे वर आलंच आहे.

तेव्हाच आईने निदान केलं: “तू बघतोस म्हणून हरतात.” मी इंजिनिअर आहे, पण मूळ सापडत नसेल तर एकेक घटक काढून बघायचा हे आमच्यातही चालतं. २०२४ मध्ये मी टेनेसीची मॅच गॅरेजमध्ये बसून टाळली. ईडीने ४० गुण केले, जिंकलो. चव्वेचाळीस वर्षांनी फायनल फोर! काका फोनवर नुसतेच “अबे... अबे...” करत होते. नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या मॅचला मी घरातली धुतलेली भांडीसुद्धा पुन्हा धुतली. तीही जिंकलो. आता फायनल, यूकॉनशी, सोमवारी ८ एप्रिलला.

त्याच दुपारी इंडियानापोलिसवर खग्रास सूर्यग्रहण होतं.

आईने पंचांग उघडलं. “सोमवती अमावास्या, वर ग्रहण, आणि त्या रात्री फायनल ठेवलीय? तिकडे कुणी काही बघतच नाही का?” मी म्हटलं, “आई, ग्रहण तुमच्याकडे दिसणारसुद्धा नाही.” “पण खेळणारे तिकडेच आहेत ना?” याला उत्तर नव्हतं. दुपारी तीन वाजून गेल्यावर अंगणात अंधार झाला, पाखरं चिडीचूप, रस्त्यावरचे दिवे लागले, आणि साडेतीन-पावणेचार मिनिटं आम्ही सगळे कागदी चष्मे काढून आ वासून वर बघत राहिलो. काका म्हणाले, “समजलं का, हा चंद्र आहे. पंचावन्न वर्षांमागे आपला माणूस बूट घालून याच्या अंगावर चालला. त्याने आज पत्ता शोधला.”

रात्री मॅच न बघणं मला जमलं नाही. जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलो, तिथून टीव्ही अर्धाच दिसतो, म्हटलं निम्मा दोष लागेल. वर्षभर बाहेरून तीन-तीन गुण पाडण्यात देशात आघाडीवर असलेल्या आमच्या पोरांनी त्या रात्री असे फक्त सात शॉट मारले. गेला एक. ईडीने एकट्याने ३७ गुण केले. काकांनी आवाज न चढवता सांगितलं, “एकोणसत्तरमध्ये ३७ त्यांच्या उंच माणसाचे होते. या वेळी आपल्या. हरलो दोन्हीत आपणच.” ७५-६०.

मॅच संपत आली तेव्हा साताऱ्यात ९ तारखेची सकाळ होती, गुढीपाडवा. आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे गॅलरीत बाबा वेळूच्या काठीला सुतळी आवळत होते, गडू सारखा कलत होता.

“किती कमी पडतायत?”

“पंधरा.”

“मग होतील की. शेवटच्या ओव्हरला होतात एवढे.”

मी काही बोललो नाही. तिने कडुलिंब खाल्ला का विचारलं. बायकोने पलीकडून उत्तर दिलं, “रात्रीपासून चघळतोय.” फ्रीजरमधले पेढे आम्ही त्या रात्री खाल्ले. तारीख बघितली नाही.

२०२५ ला काका आणि मी ल्युकस ऑइल स्टेडियममध्येच गेलो, ह्यूस्टनविरुद्ध. पिछाडीवरून ६०-६० झालं तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. काकाही राहिले, पण जाकिटाची चेन लावण्यासाठी.

“काका, अजून अर्धं मिनिट आहे!”

“पुरतं,” काका म्हणाले.

ह्यूस्टनने शेवटच्या क्षणी बाजूने चेंडू आत टाकला, टाकणाऱ्यालाच तो परत मिळाला, आणि त्याने रिंगखालून अलगद ठेवून दिला. घड्याळात ०.९ सेकंद उरलेलं. ६२-६०. पार्किंगमधून आम्ही सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. आवाजावरून कळलं, स्वयंपाकघरातून बोलतेय, नवीन कालनिर्णयची पानं उलटल्याचा आवाजही आला.

“यंदा केव्हा आहे रे तुमचं?”

“गुरुवारी किंवा शुक्रवारी. बहुतेक शुक्रवार धर.”

“आणि शुक्रवारी जिंकले तर?”

“तर रविवारी.”

पलीकडे जरा वेळ शांतता. ड्रॉवर उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज.

“शुक्रवार पेनने लिहिते,” आई म्हणाली. “रविवार पेन्सिलीने.”