हार्ड डिस्क फ्रीजरात ठेवू नका

परवा रात्री सांगलीहून आत्याचा फोन: "मामांची हार्ड डिस्क पिशवीत घालून फ्रीजरात ठेवलीये, सकाळी कधी काढू?" मामांना जाऊन तीन वर्षं झाली. घरातल्या लग्ना-बारशांचे सगळे फोटो त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. डिस्क टक्-टक् वाजून बंद पडलेली. आणि भावकीच्या ग्रुपवर मेसेज आलेला: रात्रभर फ्रीजर, मग टिचकी मारा, नाही जमलं तर झाकण उघडून पुसा, चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवा, डिस्क नव्यासारखी!

फ्रीजरातून काढलेल्या तांब्याला पावसाळ्यात सांगलीत किती घाम फुटतो, हे आत्याला सांगायला नको. तोच घाम डिस्कमधल्या, फोटो साठवलेल्या तबकड्यांवर धरतो, कारण बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं. आत तबकडी मिनिटाला 7,200 फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला 120, आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट. त्या फटीत पाणी आलं की हेड तबकडी खरवडतं, आणि खरवडलेला फोटो जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. झाकण उघडून फडक्यानं पुसायचं म्हणजे तर उरलंसुरलं स्वतःच्या हातानं पुसून टाकायचं. हे काम धूळ गाळलेल्या क्लीन रूममध्ये करतात, माजघरात नाही.

टिचकीत थोडं तथ्य आहे, मान्य करतो. जुन्या डिस्कमध्ये बंद असताना हेड तबकडीवरच टेकायचं आणि कधीकधी चिकटून बसायचं. तेव्हा टिचकीनं किंवा गारव्यानं ते सुटल्याची उदाहरणं आहेत. नंतरच्या बहुतेक डिस्कमध्ये हेड बाजूच्या उतारावर जाऊन थांबतं. तिथं टिचकी कशाला?

चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करते, यंत्र नाही. उलट मरणाऱ्या डिस्कवर ती लिहायला लागते.

आणि 'नव्यासारखी'? गूगलनं 2007 मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःची तबकडी तपासताना सापडणारी चूक) दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. सुरू झालीच, तर ती वापरायला नाही, फक्त शेवटचं वाचून घ्यायला. तेही आधी डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रामनं दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढून. केबल बदलून बघा, तेवढं घरी चालतं. पण टक्-टक् वाजत असेल तर वीजसुद्धा देऊ नका. प्रत्येक वेळी सुरू केली की आत आणखी ओरखडे पडू शकतात.

आत्याला म्हटलं, "पिशवीतून काढू नकोस. पिशवीसकट बाहेर ठेव, उद्या दिवसभर तशीच राहू दे, कशालाही जोडू नकोस." रविवारी मी जाऊन घेऊन येतोय. फोटो निघतील की नाही, हे लॅबवाल्यानं उघडल्यावरच कळेल.