सुरुवात १७०४ ची नव्हे

'न्यूटनचा प्रकाशसिद्धांत जगासमोर आला तो १७०४ च्या ऑप्टिक्स या पुस्तकातून, म्हणून जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांनी त्याच पहिल्या आवृत्तीच्या मागे लागावं' हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात, हे त्याने बत्तीस वर्षं आधीच छापून टाकलं होतं: लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकाचा ८० वा अंक, फेब्रुवारी १६७२. सोसायटीतलाच शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्याशी त्याचं वाजलं ते याच निबंधावरून. ऑप्टिक्स बाहेर आलं तेव्हा हूक हयातही नव्हता.

बी.एस्सी.च्या मुलांना मी पाठ्यपुस्तकाआधी हा निबंध वाचायला लावतो (ऑनलाइन फुकट आहे). खिडकीच्या झडपेला पाव इंचाचं भोक, मध्ये प्रिझम, २२ फुटांवर भिंत आणि तिच्यावर १३¼ इंच लांब, जेमतेम २⅝ इंच रुंद पट्टा. गोल दिसायला हवा तो लांबट का, एवढ्या एका प्रश्नावर सगळं उभं आहे. आणि हो, लिलावाच्या यादीत हा अंक कुणी १६७१ चा म्हणून टाकला असेल तर लगेच खोटा ठरवू नका. तेव्हा इंग्लंडात कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे अंकावरच १६७१/७२ असं जोडसाल छापलंय.